त्या गाण्यात नदी नव्हती

प्रिय दादा,

हे ‘प्रिय’ सवयीने लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. असं तीनदा झालं. शेवटी राहू दिलंय, कारण ते खरं आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

आज लिहायला बसले त्याचं कारण सांगते. गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली आणि सोमवारी सकाळी मला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून काढून टाकण्यात आलं. अठरा वर्षं मी त्यांच्या दिवाळी अंकासाठी विनोदी लेख पाडले, त्यातला एकही धड खरा नव्हता, तरी कुणी काढलं नाही. एकदा माइकवर चार वाक्यं खरी बोलले तर बाहेर! तेव्हा आता वेळच वेळ आहे.

सभेला तू होतासच म्हणा. पण फोटोत होतास, आणि वर चंदनाचा हार इतका जाड की तुला समोरचं काही दिसलं नसेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

रशियात सहा हिवाळे काढलेला माणूस अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत, स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना गेला, यावर हळहळायला मंदिराचा हॉल भरला होता. भाषण माझं होतं. बहीण, शिवाय लेखिका, म्हणजे दुहेरी सोय! आदल्या दिवशी दुपारी शुभावहिनीच्या ओट्याशी मी चहा करत होते आणि ती डाव्या हाताने लसूण सोलत होती. उजव्या हाताची पकड गेलीय, ते तुला माहीतच आहे. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

“विभा, उद्या तू बोलणार आहेस ना?”

“हो.”

“मग एक वाक्य बोलशील? मी पायऱ्यांवरून पडले नव्हते. एवढंच. बाकी काय कौतुक करायचं ते कर.”

मी चहात साखर घातली. ती घालून झालेली होती, तरी पुन्हा घातली.

बारा वर्षांपूर्वीचा तो शनिवार आठवतो तुला? बेसमेंटमध्ये तुझी ती रशियन रेकॉर्ड मोठ्या आवाजात लावलेली होती. तुमच्या ईराची परीक्षा जवळ आली होती म्हणून वहिनी खाली आली आणि आवाज कमी करून गेली. तू तिच्या मागोमाग वर आलास. ती दाराच्या चौकटीवर हात ठेवून ईराला हाक मारत होती, आणि तू दार लावलंस. अंगातला सगळा जोर देऊन. तिच्या मनगटावर.

आणि मग पुन्हा एकदा लावलंस.

दुसऱ्यांदा का लावलंस रे? पहिलं मी रागाच्या खात्यावर ढकललं असतं. पण दुसऱ्यांदा लावायला दार आधी मागे ओढावं लागतं. तेवढ्या वेळात माणूस माणसात येऊ शकतो!

फोन ईराने केला होता, पंधरा वर्षांच्या पोरीने; दाराचं सगळं तिनेच सांगितलं. मी पोचले तेव्हा वहिनी जमिनीवर बसली होती आणि मनगटातून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. तू खाली होतास. रेकॉर्डची दुसरी बाजू लावून बसला होतास. हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं काय झालं, आणि वहिनीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “शी स्लिप्ड ऑन द स्टेअर्स.” वर ‘इंडियन स्लिपर्स, यू नो’ अशी फोडणीही दिली. डॉक्टर हसला. लेखिका ना मी! तपशिलाशिवाय खोटं उभं राहत नाही, हे मला ठाऊक होतं. वहिनीने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मनगटात दोन स्क्रू बसले आणि त्यावर माझा विनोद बसला.

बारा वर्षांत तिने मला यावरून एक शब्द ऐकवला नाही. तू गेल्यावर मागितलं ते हे एक वाक्य.

आता त्या रेकॉर्डबद्दल बोलू. रशियातल्या हॉस्टेलमधल्या तुझ्या रूममेटने निघताना ती तुझ्या हातात ठेवली, हे तू मला शंभर वेळा सांगितलंयस. पांढरं कव्हर, त्यावर लाकडी कुंपणाचं रेखाचित्र. ज्याला स्टेजवर उभं राहायची बंदी होती असा तो गायक, मित्रांच्या स्वयंपाकघरात बसून गायचा. कुणीतरी टेपवर धरून ठेवलेलं, देश कोसळल्यावर कुणीतरी त्याची तबकडी काढली. घोगरा आवाज, गावाकडच्या चाली, त्यावर इलेक्ट्रिक गिटार, आणि ढोल नव्हता म्हणून बडवलेली रिकामी सुटकेस. मधेच कुणी खोकतं, मधेच किटली शिट्टी मारते. मला ती किटली फार आवडायची. शब्द कळत नसले की माणूस किटलीवर प्रेम करतो.

शब्द तू सांगायचास. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं हे तुझं लाडकं. “हे नदीचं गाणं आहे. वसंतात बर्फ फुटतो, तेव्हा नदी आपल्या काठाला म्हणते, मला अडवू नको.” काय सुरेख सांगायचास! डोळे मिटून. मंडळाच्या अध्यक्षसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना हापूसच्या पेटीवरचा मजकूर वाचूनही येतं, तो भाग वेगळा.

आणि मी? मी तुझ्यावर लेख लिहायचे. रशियन चहाच्या बंबावरून नाव, ‘आमचा सामोवार’! दादा कसा तापतो, वाफ कशी कानांतून निघते, वहिनी कशी लगबगीने झाकण शोधते. लोक पोट धरून हसायचे. वहिनीने तो अंक वाचला होता. आपल्या मोडक्या हाताने पान उलटून वाचला होता, दादा. आणि मला म्हणाली होती, “छान जमलंय.”

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. वूस्टरपासून बॉस्टनपर्यंत रशियन बोलणारी इतकी माणसं, पण तू एकालाही कधी घरी आणलं नाहीस. मी त्यावरही कोटी केली होती, की दादाचं रशियन इतकं सोवळं आहे की रशियन माणसाच्या स्पर्शाने बाटेल. हसलास तू. किती मनापासून हसलास!

मग गेल्या पाडव्याला तू कहरच केलास. मंडळाच्या कोरसमधल्या चौघींना ते नदीचं गाणं शिकवलंस. देवनागरीत शब्द लिहून दिलेस, महिनाभर रिहर्सल घेतलीस, उच्चार घोटून घेतलेस. नऊवारी नेसून, नथी घालून चौघींनी धृपद म्हटलं आणि सगळ्या हॉलने टाळ्यांचा ताल धरला. वहिनीनेही धरला. एका हाताने मांडीवर.

साहजिकच शोकसभेत तेच गाणं ठेवलं गेलं. आधी पसायदान, मग माझं भाषण, मग ‘दिवंगतांचे आवडते नदीगीत’. घरच्या बेसमेंटमधून तुझा रेकॉर्ड प्लेयर आणला होता, म्हणजे पहिलं कडवं त्या गायकाचं आणि धृपदाला आपल्या चौघी.

मी बोलायला उभी राहिले. वहिनी पहिल्या रांगेत, एका बाजूला ईरा, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आलेली, आणि दुसऱ्या बाजूला गलीना. गलीना मूळची रशियन, वहिनीबरोबर डेंटल क्लिनिकमध्ये काम करते, सात वर्षांची मैत्रीण, आणि तुझ्या घराचा उंबरा तिने तू गेल्यानंतर पहिल्यांदा ओलांडला. वहिनीचं ते वाक्य माझ्या कागदावर सगळ्यात वर होतं. जाड अक्षरांत. मी कागदाकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, तुझ्या फोटोकडे पाहिलं. आणि सामोवारचा किस्सा सांगितला.

लोक हसले. शोकसभेत हसवणं ही माझी खासियतच! मग दुसरा सांगितला, मग तिसरा. वहिनी मनगट चोळत होती. मी खाली येऊन बसले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ईरा हळूच म्हणाली, “वॉव, आत्या. यू आर रिअली गुड अ‍ॅट धिस.” मला तुझ्या त्या दारात हात द्यावासा वाटला.

सुई टेकली. सुटकेस वाजायला लागली. पहिल्या दोन ओळींतच गलीना ताठ झाली. धृपद आलं, चौघींनी वरचा सूर लावला, आणि ती उठून उभी राहिली.

“स्टॉप. प्लीज, स्टॉप! डू दे नो व्हॉट दे आर सिंगिंग?”

अध्यक्षसाहेब समजुतीने म्हणाले, “मॅडम, इट इज अ रिव्हर साँग. व्हेरी फोक.”

“रिव्हर?” तिने हॉलभर पाहिलं, जणू कुठे नदी दिसतेय का. “देअर इज नो रिव्हर.”

आणि मग तिने एकेक ओळ इंग्रजीत सांगितली, दादा. रेकॉर्ड चालू होती, सुटकेस वाजत होती, आणि ती त्याच्यावरून मोठ्या आवाजात सांगत होती. टेबलाखाली बसलेला एक मुलगा. बाप आईला मारतोय. मुलगा फटके मोजतोय, अकरापर्यंत, कारण त्याला पुढे मोजता येत नाही, म्हणून पुन्हा एकपासून. आणि ज्या धृपदावर आम्ही टाळ्या धरल्या होत्या, त्यात तो म्हणतोय: मारू नको बाबा, ती पडली आता, मारू नको.

नथी घातलेल्या चार बायका. पाडवा. टाळ्या.

मला आपलं जळगावचं क्वार्टर दिसलं. बाबांचा पट्टा दिसला. आईचं डोकं आपटायचं ते लोखंडी कपाट, त्याचा तो घुमणारा आवाज. सुटकेस तसाच आवाज करते, मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं कसं नाही? आपण दोघं मोरीत, दार लावून. तू अकरा वर्षांचा, मी सहाची. तू माझे कान झाकायचास आणि एकोणतीसचा पाढा ओरडून म्हणायचास, म्हणजे मला तिकडचं काही ऐकू येऊ नये. एकदा आईने किंकाळी फोडली ती मधेच तुटली, आणि आपल्याला वाटलं ती मेली. तेव्हाही तू माझ्या कानांवरचे हात काढले नाहीस. माझे कान तू झाकलेस. तुझे कोण झाकणार होतं? दोनच तर हात होते तुला.

आणि मग हजारो मैलांवर कुठल्यातरी बर्फात तुला एक माणूस सापडला जो आपलं घर गात होता! मला का नाही सांगितलंस? मला नदी का दाखवलीस?

गलीनाने शेवटचं कडवं सांगितलं. ते चौघींना शिकवलेलंच नव्हतंस तू. तो मुलगा मोठा झालाय, त्याचं लग्न झालंय, आणि तो आपल्या हातांकडे बघत बसलाय. बाहेरून त्याचा मुलगा दार वाजवतोय.

मग ईरा म्हणाली, “ही न्यू? ही न्यू एव्हरी वर्ड?”

“ऑफ कोर्स,” गलीना म्हणाली. “ही स्पोक रशियन, नो?”

यावर अध्यक्षसाहेबांनी जे उद्गार काढले ते कोरून ठेवावेत असे आहेत. “कलेची डिफरंट इंटरप्रिटेशन्स असू शकतात.”

वहिनी उठली. घाई केली नाही. रेकॉर्ड प्लेयरपाशी गेली, फिरती तबकडी तशीच उचलली, सुई किंचाळली. आणि तिने ती टेबलाच्या कडेवर आपटली. पहिल्यांदा ती नुसती वाकली. दुसऱ्यांदा चिरली. तिसऱ्यांदा कडाडकन मोडली आणि धारदार तुकडा तिच्या तळव्यात घुसला, डाव्या, चांगल्या हाताच्या. ती थांबली नाही. उरलेला तुकडाही आपटला, मग त्याचाही तुकडा. रक्त टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर, समईवर, तुझ्या फोटोच्या काचेवर, चंदनाच्या हारावर. तोंडातून एक आवाज येत होता तिच्या, श्वास टाकल्यासारखा, प्रत्येक फटक्याला एक. मोजत होती का, ते मला माहीत नाही.

“वहिनींना दुःख अनावर झालंय,” अध्यक्ष माइकवर म्हणाले. “कुणीतरी पाणी आणा.”

तेव्हा मी गेले. उशिरा गेले, पण गेले. म्हणाले, “दुःख नाही हे, राग आहे. शुभावहिनी पायऱ्यांवरून पडली नव्हती. माझ्या भावाने तिचा हात दारात चिरडला, दोनदा. हॉस्पिटलात खोटं मी बोलले.” अध्यक्षांनी माइक ओढला. मी सोडला नाही. मग सोडला, आणि तो त्यांच्या पुढच्या दातांवर बसला. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम! मागून कुणीतरी ओरडलं, “मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?” आणि ईराने एक खुर्ची लाथ मारून पाडली. “शी वॉज अलाइव्ह द होल टाइम,” ती ओरडली. “यू ऑल ट्रीटेड हर लाइक शी वॉज डेड!”

हॉस्पिटलात सात टाके पडले. नर्सने कागदावरचे नेहमीचे प्रश्न विचारले, त्यात एक होता, की घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का? मी भिंतीकडे पाहिलं. या वेळी तोंड घट्ट मिटून.

वहिनी म्हणाली, “यस. सिन्स लास्ट मंथ.”

नर्सने पेन खाली ठेवलं आणि स्टूल ओढून तिच्या जवळ बसली. अर्धा तास बसली होती.

आता तुला विचारते. त्या चौघींकडून ते धृपद का म्हणवून घेतलंस? कबुली होती का ती? सगळ्या मंडळाला वहिनीसमोर उभं करून ‘मारू नको’ म्हणायला लावलंस? तशी असेल तर ऐक. समोरच्याला येत नाही त्या भाषेत दिलेली कबुली ही कबुली नसते, ती चैन असते. तुला मोकळं वाटलं असेल. वहिनीला काय मिळालं? टाळ्या वाजवायला एक हात!

शब्द न कळणाऱ्या माणसाला मी एक वेळ माफ केलं असतं. तुला एकूण एक शब्द कळत होता.

आणि तरी परवा स्नो पडला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की दादाला फोन करून सांगावं, जास्त जोर लावू नकोस. हे मी कुणाला सांगू? वहिनीला? ईराला? म्हणून तुलाच सांगते.

काल दुपारी मेधाचा फोन आला. मेधा म्हणजे कोरसमधली, सगळ्यात वरचा सूर लावणारी.

“विभाताई, एक विचारायचं होतं. डॉक्टरला खरं सांगितलं, तर ते लगेच पोलिसांना बोलावतात का?”

“कशाबद्दल गं?”

“नाही, सहज. एका मैत्रिणीसाठी.” मागे गॅरेजचं दार वर जायचा आवाज आला. “ठेवते हं. हे आले.”

मी उलट फोन केला नाही, मेसेजही नाही. अशा घरांत फोन दुसरंच कुणी वाचतं. पण गुरुवारी सकाळी ती मंदिराच्या हॉलमध्ये चिमुकल्यांना गाणं शिकवते, नवरा बरोबर नसतो. आज गुरुवार आहे. गलीनाने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलीय आणि वहिनी म्हणते मीही येणार, टाके असले तरी.

तर दादा, तुला वचन देते. मेधा मैत्रिणीचं म्हणाली तर मी मैत्रिणीचंच ऐकून घेईन. विनोद करणार नाही. तिच्या वतीने बोलणार नाही. ती बोलेपर्यंत थांबेन. आज ती काहीच बोलली नाही तर पुढच्या गुरुवारी जाईन, आणि त्याच्या पुढच्या. तुझ्यासाठी रडायचं राहिलंय, तेही करीन. पण त्याचा नंबर नंतर लागेल, तेवढं समजून घे.

गाडी दाराशी आली आहे. वहिनी पुढच्या सीटवर बसलीय.

तुझी धाकटी बहीण,
विभा